पोटखराब्यातले बेडूक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी आयुष्यभर शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवले. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून शेतीविषयी बोलायला मिळते आहे याचा मला मनापासून आनंद आहे. निमंत्रणपत्रिकेत विषय ‘शेतजमिनीचा वापर आणि उभयचर प्राणी’ असा छापला आहे. तो साध्या शब्दांत सांगतो. एखाद्या जमिनीवर आपण भात लावतो, कलमे लावतो किंवा ती तशीच ठेवतो. या निर्णयाचा तिथल्या बेडकांवर काय परिणाम होतो, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रश्न छोटा वाटेल, पण त्याचा आवाका मोठा आहे. जगातल्या आठ हजारांहून अधिक उभयचर जातींचा आढावा २०२३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे ४१ टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात आहेत. पक्षी, सस्तन आणि सरपटणारे प्राणी यांच्यापेक्षा हे प्रमाण जास्त आहे. हवामानबदल आणि बुरशीचे रोग यांची भर आता पडते आहे, तरी सर्वांत जास्त जातींना भोवणारे कारण अजूनही राहण्याची जागा जाणे हेच आहे. आणि ती जागा बहुतेक ठिकाणी शेतीसाठी जाते.

म्हणजे शेतकरी हा बेडकांचा वैरी, असा अर्थ कोणी काढू नये. आपल्याकडे भाताचे खाचर आणि बेडूक यांचे नाते इतके जुने आहे की मृगाचा पाऊस म्हटला की बेडकांचा आवाज आठवतोच. म्हणूनच हा विषय सरसकट बोलून भागत नाही. कोणती शेती, कुठल्या जमिनीवर आणि कोणत्या पद्धतीने, हे पाहावे लागते. मी आज मुख्यतः एका जागेबद्दल बोलणार आहे: रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतले कातळ, म्हणजेच आपले सडे.

सड्याची ओळख या सभागृहात करून द्यायची गरज नाही. कातळशिल्पांमुळे गेल्या काही वर्षांत बाहेरच्या लोकांनाही तो ठाऊक झाला आहे. २०२२ साली कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, कुडोपी अशा ठिकाणांची कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली आणि ‘या ओसाड खडकावर काय आहे?’ असे विचारणारे लोक थोडे कमी झाले. पण चित्रांपलीकडच्या सड्याची नोंद अजून फारशी कोणी घेतलेली नाही.

हा जांभ्याचा खडक उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो. त्यावर माती बोटभर, काही ठिकाणी तेवढीही नाही. जून उजाडला की हाच खडक पाण्याने भरतो. भरतो म्हणजे तळे होत नाही. ओंजळीएवढ्या खळग्यापासून खोलीएवढ्या डबक्यापर्यंत शेकडो लहानमोठ्या जागी पाणी साठते. कुठे ते दोन दिवस टिकते, कुठे दोन आठवडे, कुठे गणपतीपर्यंत. एका खळग्यातून दुसऱ्यात पाण्याची पातळ चादर वाहत राहते. या पाण्यात मासे नसतात. बेडकाची अंडी आणि शेपटीची पिल्ले यांचा सर्वांत मोठा शत्रू मासा, आणि तो इथे पोचतच नाही. दुसरी गोष्ट अशी की उथळ पाणी लवकर तापते. उबदार पाण्यात पिल्लांची वाढ झपाट्याने होते. डबके आटण्याच्या आत पाय फुटून बाहेर पडायचे ही तिथली शर्यत असते, आणि त्या शर्यतीला जुळवून घेतलेल्या जातीच तिथे राहतात.

आंबोलीचा टोड हे याचे ठळक उदाहरण. २००९ साली शास्त्राने त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. आंबोली आणि आसपासचा परिसर सोडून तो जगात कुठेही सापडत नाही आणि अतिसंकटग्रस्त जातींत मोडतो. पहिल्या पावसाच्या थोड्या दिवसांत त्याचे सगळे प्रजनन आटोपते, तेही जांभ्यावरच्या उथळ पाण्यात. हे दिवस चुकले, किंवा ती डबकीच त्या वर्षी नसली, तर त्या वर्षीची पिढीच नाही.

खाली उतरून रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावाकडे या. तिथून २००३ साली देवगांडुळाची एक जात शास्त्राला नव्याने कळली. देवगांडूळ म्हणजे बिनपायाचा उभयचर. गांडुळासारखा दिसतो, पण त्याला पाठीचा कणा आहे, जबडा आहे, दात आहेत. पावसाळ्यात तो सड्यावरच्या सुट्या दगडांखाली, ओल्या मातीत असतो. या जातीला शेषाचार या भारतीय प्राणिशास्त्रज्ञांचे नाव दिले आहे. देवगांडुळांच्या अभ्यासात त्यांनी मोलाची भर घातली. आता विचार करा. ज्या दगडाखाली हा प्राणी पावसाळा काढतो, तोच दगड आपण गडगा घालायला उचलतो. गडगा चांगला होतो, सरळ उभा राहतो, गुरे आत येत नाहीत. दगडाखालच्या जागेचा हिशेब मात्र कुणाच्या मनातही येत नाही, कारण तिथे काही होते हेच कुणाला ठाऊक नसते.

आणि इथे मला सातबाऱ्याकडे वळावे लागते.

आपल्या सातबाऱ्यावर पोटखराबा नावाचा एक रकाना असतो. लागवडीला योग्य नसलेले क्षेत्र त्यात दाखवतात: खडक, नाला, खाण, डबके. या क्षेत्रावर आकारणी नसते, म्हणून तो शेतकऱ्याला दिलासाच होता. जमाबंदी करणाऱ्यांचा उद्देश सारा ठरवण्याचा होता, त्यात त्यांचे काही चुकले नाही. पण शंभर-दीडशे वर्षे एखादी जमीन कागदावर ‘खराब’ म्हणून लिहीत राहिले की लोकांच्या आणि सरकारच्या डोक्यातही ती खराबच होते. मग ती ‘सुधारण्याची’ योजना निघते. सडे हे बहुतेक खासगी मालकीचे आहेत, वनखात्याचे नाहीत. कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेले. समुद्रसपाटीजवळच्या सड्यांना असे कुठलेच छत्र नाही. त्यांचे भवितव्य मालकाच्या एका निर्णयावर आणि त्या निर्णयाला मिळणाऱ्या अनुदानावर ठरते.

आधीची पिढी सड्यावर काय करत होती? जिथे मातीचा थोडा खोलगट भाग मिळेल तिथे दगडांचा बांध घालून भात लावत होती. उतारावर वरकस जमिनीत नाचणी, वरी. हे कष्टाचे काम होते आणि पीक बेताचे. घरातली मुले मुंबईला गेली तशी ही खाचरे सुटली. आज सड्यावर फिरलात तर बांध दिसतात, आत गवत वाढलेले असते. काही जागी भात अजून होतो.

मग १९९० साली रोजगार हमी योजनेशी जोडलेली शंभर टक्के अनुदानाची फळबाग लागवड योजना आली. कोकणाच्या अर्थकारणात या योजनेने मोठा बदल केला. मी त्या योजनेला वाईट म्हणणार नाही. जी कुटुंबे वर्षाला चार महिने खाऊन आठ महिने मनिऑर्डरची वाट पाहत होती, त्यांच्या हातात झाड आले, फळ आले, पैसा आला. पुढे २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या माणसाने कातळ फोडून कलम जगवले, उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी नेऊन घातले, त्याच्यापुढे उभे राहून ‘तू बेडूक मारलेस’ असे म्हणण्याचा अधिकार मला नाही आणि कोणालाच नाही. परंतु योजनेने एक गोष्ट गृहीत धरली होती: सड्यावर आधी काहीच नव्हते. ते गृहीतक चुकीचे होते.

सड्यावर बाग कशी उभी राहते, हे बागायतदारांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तरी बेडकाच्या बाजूने ते एकदा पाहू. प्रथम सुरुंग लावून किंवा पोकलेनने खड्डे पाडतात. ते खड्डे भरायला दुसरीकडून माती आणतात. जी माती उरते ती सखल जागी पसरते, म्हणजे नेमकी डबक्यांच्या जागी. सुटे दगड गडग्यात जातात. चार-पाच वर्षांत कलमे वाढून सावली पडते, पालापाचोळा साठतो, ऊन खडकापर्यंत पोचत नाही. पाण्याची जी पातळ चादर एका खळग्यातून दुसऱ्यात वाहत होती, ती आळ्यांनी आणि गडग्यांनी तुटते. त्यानंतर मोहोरापासून फवारण्या सुरू होतात: तुडतुड्यांसाठी, फुलकिडीसाठी, भुरीसाठी. झाडाखालच्या गवतावर तणनाशक. बाग बाहेरून हिरवीगार दिसते. एखादा पाहुणा म्हणेल, ओसाड खडकावर जंगल उभे केलेत. पण जमिनीच्या पातळीवर, जिथे बेडूक राहतो तिथे, पाण्याची जवळजवळ प्रत्येक जागा बुजलेली असते.

भाताचे खाचर याच्या उलट. तिथे पाणी भरपूर आहे, उलट जास्तच. बांध घातल्यामुळे लहान लहान खळग्यांच्या जागी एक मोठे, सारख्या खोलीचे, बराच काळ टिकणारे पाणी येते. चिखलणी होते, युरिया पडतो, खेकडे बांध फोडतात म्हणून त्यांच्यासाठी विषारी आमिषे ठेवली जातात. तरीही बेडूक येतात, आणि मोठ्या संख्येने येतात.

या फरकाचा अभ्यास आपल्याच सड्यांवर झाला आहे, आणि आज मी इथे उभा आहे तो मुख्यतः त्या अभ्यासामुळे. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन आणि बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप यांच्या संशोधकांनी, विजयन जितिन, मनाली राणे, अपर्णा वाटवे, वरद गिरी आणि रोहित नानिवडेकर यांच्यासारख्या मंडळींनी, मोकळा सडा, सड्यावरचे भात आणि सड्यावरच्या बागा यांची तुलना केली. तो निबंध २०२५ साली ‘इकॉलॉजिकल ॲप्लिकेशन्स’ या नियतकालिकात आला. त्यातले निष्कर्ष मला फार महत्त्वाचे वाटतात. उभयचरांची एकूण संख्या सर्वांत कमी कुठे? बागांत. ते अपेक्षित होते, कारण पाण्याच्या जागाच तिथे फारशा उरत नाहीत. पण जातींचे वैविध्य सर्वांत कमी कुठे? भाताच्या शेतात.

हे नीट ऐका, कारण आपला कान इथेच फसतो. जुलैच्या रात्री भाताच्या बांधावर उभे राहिले तर कानठळ्या बसतील इतका आवाज असतो. आपण म्हणतो, बेडूक आहेत ना, मजेत आहेत. पण तो आवाज बहुतांशी काही थोड्याच जातींचा असतो. मिनर्वार्या सह्याद्रेन्सिस हा लहानसा भातबेडूक त्यात आघाडीवर. तो खाचरात फोफावतो, नापीक जागेतही भागवून घेतो, कुठेही राहतो. याउलट मिनर्वार्या गोमंतकी हा २०१५ साली गोव्यातून नोंदलेला बेडूक, किंवा २०१७ साली आंबोलीतून नोंदलेला मिनर्वार्या सेफी, हे पश्चिम घाटाबाहेर जगात कुठे नाहीत, आणि ते बदललेल्या जमिनीवर कमी आढळतात. म्हणजे जे सर्वत्र आहेत ते वाढतात, आणि जे फक्त इथलेच आहेत ते कमी होतात. आणि आवाजाच्या मापावर तर कमी झालेले काही ऐकूच येत नाही.

या सगळ्या जाती दिसायला एकसारख्या तपकिरी आहेत. अंगठ्याएवढा तपकिरी बेडूक आणि दुसरा अंगठ्याएवढा तपकिरी बेडूक यांतला फरक सांगायला तज्ज्ञ लागतो, कधीकधी आवाजाचे मुद्रण आणि डीएनए लागतो. वाघ कमी झाला तर गावाला कळते. हे कळत नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत महाराष्ट्र-गोव्यातून इतक्या नव्या जाती नोंदल्या गेल्या, त्याचा एक अर्थ असा की ज्या काळात आपण सडे फोडत होतो, त्या काळात सड्यावर कोण राहते हे शास्त्रालाही पुरते ठाऊक नव्हते. आपल्या ज्ञानाला उशीर झाला आणि जेसीबीला झाला नाही.

आता जरा मागे जाऊ. महाराष्ट्राचा बेडकाशी आणखी एक जुना व्यवहार आहे. स्वातंत्र्यानंतर भारतातून बेडकांच्या तंगड्यांची मोठी निर्यात होत असे. युरोप-अमेरिकेच्या हॉटेलांसाठी आपल्या शेतांतले मोठे बेडूक पोत्यांनी पकडले जात. १९८१ च्या सुमाराला वर्षाला चार हजार टनांहून जास्त माल जात होता. मुंबईचे ज्येष्ठ निसर्गअभ्यासक हुमायून अब्दुलअली यांनी या निर्यातीविरुद्ध लिहिले. बेडूक भातावरच्या किडी आणि खेकड्यांची पिल्ले खातो, तो गेला तर कीटकनाशकांचा खर्च निर्यातीच्या कमाईला पुरून उरेल, असा युक्तिवाद त्या काळी मांडला गेला. १९८७ साली निर्यातीवर बंदी आली. सह्याद्रीतल्या ओढ्याकाठच्या एका बेडकाला त्याच्या कितीतरी आधी, १९५५ साली, अब्दुलअलींचे नाव दिले गेले होते, निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी, आणि ते अगदी उचित ठरले. गोव्यात आजही पावसाच्या पहिल्या रात्री ‘जंपिंग चिकन’साठी बेडूक पकडणाऱ्यांच्या मागे वनखात्याला फिरावे लागते.

या इतिहासातून एक गोष्ट मला खुपते. बेडूक पकडणे हा गुन्हा झाला, ते चांगलेच झाले. पण बेडूक ज्या डबक्यात अंडी घालतो ते डबके बुजवणे हा गुन्हाही नाही आणि कुठली परवानगी घेण्याची बाबही नाही. पोत्यात सापडलेले शंभर बेडूक पुरावा म्हणून पुढे ठेवता येतात. बुजलेल्या डबक्यात न जन्मलेले बेडूक कुठल्या पंचनाम्यात लिहायचे?

फवारणीबद्दल दोन शब्द. बेडकाची कातडी आपल्यासारखी नसते. तिच्यातून पाणी आत-बाहेर जाते, श्वासही काही प्रमाणात तिच्यातूनच होतो. त्यामुळे औषध बेडकाच्या तोंडात जाण्याची गरज नसते. अंगावर पडले की आत गेले. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१३ साली साध्या बेडकाच्या लहान पिल्लांवर सात वेगवेगळ्या औषधांची शिफारशीइतकीच मात्रा फवारून पाहिली. मृत्यूचे प्रमाण २० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत गेले. पायराक्लोस्ट्रोबिन असलेल्या एका बुरशीनाशकाने सगळी पिल्ले तासाभरात मेली. तेच मूळ रसायन, पण त्यात विद्रावकाचे प्रमाण कमी असलेले दुसरे उत्पादन वापरले तेव्हा मृत्यू बरेच कमी होते. म्हणजे बाटलीवर छापलेल्या मुख्य रसायनाइतकाच त्यात मिसळलेला विद्रावकही घातक ठरू शकतो. हे रसायन आपल्याकडच्या द्राक्षबागांतही वापरले जाते. आपल्या जातींवर असे प्रयोग व्हायला हवेत. मात्र तोवर थांबण्याचीही गरज नाही: भर पावसात, पिल्ले पाण्याबाहेर पडत असताना तणनाशक न मारणे हे कुठल्याही बागायतदाराला शक्य आहे.

देशावरची कथा वेगळी आहे आणि तिच्यात मी आज फार शिरत नाही. एवढेच सांगतो की तिथे पाण्याची नवी जागा निर्माण झाली आहे आणि तीच अनेकदा सापळा ठरते. शेततळ्यांना प्लास्टिकचे अस्तर असते आणि बाजू उतरत्या, निसरड्या. पाण्याच्या ओढीने बेडूक, सरडे, कधी ससे आत पडतात आणि वर चढू शकत नाहीत. त्यात मासे सोडले तर अंड्यांचाही प्रश्न मिटला. सुतळीची जाळी किंवा एखादा खडबडीत पट्टा काठावरून पाण्यात सोडला तरी प्राणी चढून बाहेर येतात. खर्च नाममात्र आहे. अनुदानाच्या अटीत हे एक वाक्य घालायला कोणाची हरकत असू नये.

आता जपानकडे पाहू, कारण भाताच्या देशांत बेडकांचा सर्वांत बारकाईने विचार तिथे झाला आहे. टोकियोजवळच्या कांतो मैदानात शेतांचे आधुनिकीकरण झाले तेव्हा मातीचे पाट जाऊन खोल काँक्रीटचे पाट आले आणि शेते लवकर कोरडी करता येऊ लागली. १९९७ साली फुजिओका आणि लेन यांनी याचे परिणाम मांडले. काही जाती घसरल्या. बोटांना चिकट गाद्या असलेला झाडबेडूक मात्र काँक्रीटची भिंत चढून जाऊ शकतो, म्हणून तो टिकला. आपल्या सड्यावरचीच गोष्ट, दुसऱ्या भाषेत: ज्याला जमते तो वाढतो, बाकीचे पडतात, आणि शेतात आवाज तर राहतोच.

त्याच देशातले तोयोओका हे शहर मला अधिक शिकवून गेले. पांढरा करकोचा जपानमधून १९७१ साली नामशेष झाला होता. तोयोओकाने त्याची पैदास करून २००५ पासून तो पुन्हा मोकळ्या आकाशात सोडला. करकोचा जगवायचा तर त्याला खायला बेडूक हवेत, आणि बेडूक हवेत तर शेतात पाणी हवे. भातशेतीत पीक फुटव्यावर आल्यावर मधे काही दिवस शेत कोरडे करण्याची जपानी पद्धत आहे. नेमक्या त्याच काळात शेपटीची पिल्ले पाण्यात असतात, आणि पाणी सोडले की सगळी मरतात. तोयोओकाच्या शेतकऱ्यांनी ठरवले की पिल्लांना पाय फुटून ती बाहेर पडेपर्यंत पाणी सोडायचे नाही. औषधे कमी केली किंवा बंद केली, हिवाळ्यातही शेतात पाणी ठेवले. हा तांदूळ करकोच्याच्या नावाने विकला जातो आणि त्याला जास्त दर मिळतो. बेडकाचा जन्मकाळ सांभाळून शेतीचे वेळापत्रक बदलणे आणि त्याचा मोबदला बाजारातून मिळवणे, या दोन्ही गोष्टी एकत्र शक्य आहेत हे त्यांनी दाखवले.

स्वित्झर्लंडच्या आरगाउ प्रांताचे उदाहरण आणखी सरळ आहे. तिथे १९९९ पासून वीस वर्षांत ४२२ नवी डबकी तयार केली गेली. त्यांतली बरीच उथळ, काही काळ आटणारी. २०२२ साली निकाल प्रसिद्ध झाला: घसरत चाललेल्या अनेक जाती सावरल्या, झाडबेडूक तर भरभरून वाढला. रस्ते तेच राहिले, गावे तीच, शेती चालूच. फक्त पाण्याच्या लहान जागा परत दिल्या.

आपल्याला तर त्या खोदायच्याही नाहीत. जांभ्याने त्या कधीच खोदून ठेवल्या आहेत.

म्हणून मला असे वाटते: ज्याने आधीच बाग केली आहे, त्याने बाग काढावी असे कोणी सांगू नये. पण बागेच्या कडेला, गडग्याच्या बाहेर किंवा दोन ओळींच्या मधे जी डबकी शिल्लक आहेत ती बुजवू नयेत. त्यांच्या आसपासचे सुटे दगड उचलू नयेत. त्या भोवती तणनाशक मारू नये. नव्या लागवडीच्या वेळी सड्याचा सर्वांत खडकाळ, सर्वांत जास्त खळग्यांचा भाग तसाच सोडावा. तिथे नाही तरी कलमे नीट येत नाहीत, हे कोणताही अनुभवी बागायतदार सांगेल. आणि त्याचा एक फायदा विसरू नका. सड्याखालच्या वाड्यांच्या विहिरींना आणि झऱ्यांना सड्यावर साठून जांभ्यात मुरलेले पाणी मिळते. डबकी बुजली की त्या पाण्याची वाटही बदलते.

सरकारची जबाबदारी मात्र यापेक्षा मोठी आहे. १९९० च्या योजनेने झाड लावायला पैसे दिले, २०१८ नंतरच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेनेही तेच केले. दोन्ही योजनांत काही तरी लावले तर अनुदान आहे. काही राखले तर नाही. हेक्टरभर सडा मोकळा ठेवणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरात आज शून्य पडते, आणि वर ‘जमीन पडीक ठेवली’ असा ठपका बसतो. गावातल्या सगळ्यांसाठी तो जे राखतो त्याचा मोबदला त्याला मिळाला पाहिजे. लागवडीच्या अर्जात ‘क्षेत्रातील पावसाळी डबक्यांची संख्या आणि ती राखण्याची व्यवस्था’ असा एक रकाना असला, आणि ती राखली तर अनुदानात थोडी वाढ मिळाली, तरी हजारो हेक्टरांवर फरक पडेल. हापूसला मानांकन आहेच. त्याच्या पेटीवर सडा राखणाऱ्या बागेची खूण का असू नये? मुंबई-पुण्यातला ग्राहक औषधाचा अंश किती आहे ते विचारायला शिकला. तो हेही विचारेल, आपण त्याला सांगितले तर.

शेवटी एक काम, जे याच पावसात करता येईल. जैविक विविधता अधिनियम २००२ साली आला. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ही नोंदवही कपाटात आहे, कुठे कुठे तर झाडांच्या यादीपुढे गेलेली नाही. तुमच्या गावच्या सड्यावर कोणत्या गट क्रमांकात पावसाळी डबकी आहेत, ती साधारण किती दिवस टिकतात, त्यांतली कोणती गेल्या दहा वर्षांत बुजली, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि गुराख्यांना पक्के ठाऊक असते. मृग लागल्यावर एखाद्या रविवारी शाळेची मुले, दोन जुनी माणसे आणि ग्रामपंचायतीचा एक सदस्य यांनी मिळून सड्यावर जावे आणि ते लिहून घ्यावे. बेडूक ओळखता आले नाहीत तरी चालेल, मोबाइलवर त्यांचा आवाज मुद्रित करून ठेवा; ओळखणारे ओळखतील. गट क्रमांकासह नोंद झाली की पुढच्या वेळी त्या जमिनीवर पोकलेन यायचा असेल, तेव्हा ग्रामसभेत निदान एक कागद तरी पुढे ठेवता येईल.